जाणीव आणि जगन्नियंता

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या श्रावणात माझ्या आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. आमचे गाव मंगळवेढ्याच्या बाजूचे, काळ्या रानाचे आणि ज्वारीचे. पंढरपूर तेथून जवळ. त्यामुळे आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात विठ्ठलाचे नाव हे आम्हां नातवंडांना तिच्या लुगड्याइतकेच ओळखीचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी डोक्याच्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली आणि डाव्या बाजूचा एक काळसर डाग बोटाने दाखविला. "बोलण्याची जागा इथे असते," ते म्हणाले. घरी आणल्यावर आजीला एकच शब्द उरला होता : "नको". पाणी हवे असले तरी "नको", मला हाक मारायची असली तरी "नको". चुकीचा शब्द बाहेर पडला हे तिला कळत असे, आणि मग ती डाव्या हाताने खाटेची पाटी बडवीत असे.

दीडएक महिन्याने एका संध्याकाळी आई दिवा लावून हरिपाठ म्हणत होती. दोन चरण झाले आणि मागून, खाटेवरून, आजीचा आवाज आला. चालीत आणि शब्दांसकट! आई थांबली तशी आजीही थांबली. आईने पुन्हा धरले, आजीने पुन्हा साथ दिली. हरिपाठ संपल्यावर आईने विचारले, "आत्या, पाणी देऊ?" आजी म्हणाली, "नको," आणि तांब्याकडे हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर माणसे जमली. म्हातारीच्या मुखातून पांडुरंग बोलतो, असे ठरून गेले. मी सुट्टीला घरी आले तेव्हा आईने मला चुलीपाशी बसवून विचारले, "तू शिकतीस न्हवं? मग सांग की मला, आत्या हाईत का आत? का निस्ता देवच बोलतुया?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाशी मी वर्षभर घातलेली झटापट होय. विषय मोठा आणि माझी पुंजी लहान आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. तेव्हा तत्त्वज्ञानाच्या जाणकार प्राध्यापकांनी यातल्या चुका अवश्य दाखवाव्यात. रागावणार नाही.

प्रथम हरिपाठाचे कोडे. ते मला ग्रंथालयात अपेक्षेपेक्षा लवकर सुटले, आणि खरे सांगायचे तर थोडे वाईटही वाटले. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. त्याला दुसऱ्याचे बोलणे बऱ्यापैकी समजे, परंतु तोंडातून "तां" एवढे एकच अक्षर निघे. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. माझ्या आजीच्या "नको"चे हे दूरचे भावंडच म्हणायचे. या विकाराला वाचाघात म्हणतात. वाचाघात झालेली कित्येक माणसे साधे वाक्य बोलू शकत नाहीत, पण ओळखीचे गाणे शब्दांसह गाऊ शकतात, ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. जे हजारो वेळा चालीवर म्हटलेले असते ते मेंदूत वेगळ्या वाटेने साठलेले असते आणि चालीच्या कामात उजवी बाजूही भाग घेते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अमेरिकेत १९७३च्या सुमारास याच आधारावर, शब्द चालीत म्हणायला लावून बोलणे परत शिकविण्याची एक उपचारपद्धतीही निघाली. पॅरिसचा माणूस त्याच्या भाषेतले गाणे म्हणेल, आमची आजी साठ वर्षे म्हटलेला हरिपाठ म्हणेल. म्हणजे या चमत्कारात पांडुरंगाचा खास हात शोधण्याचे कारण नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात चुलत भावंडांना सांगितले. आईला मात्र सांगवेना, कारण आईचा प्रश्न हा नव्हताच. "आवाज कोठून आला" असे तिने विचारले नव्हते. "आत कोणी आहे का" असे विचारले होते.

या दोन प्रश्नांतील अंतर समजायला मला सहा महिने लागले. बोलणे, चालणे, आठवणे, ओळखणे ही मेंदूची कामे आहेत. ती कोणत्या भागात चालतात, कशाने बिघडतात, हे डॉक्टर फिल्मवर दाखवू शकतात. पण ती होत असताना आतून "काहीतरी वाटते", हे कोणत्या फिल्मवर दिसेल? पान तोंडात टाकल्यावर आजीला जी तिखटगोड चव येते, ती चव मेंदूतल्या कोणत्या पेशीत आहे? डेव्हिड चाल्मर्स या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९९५ साली लिहिलेल्या निबंधात याला जाणिवेचा "अवघड प्रश्न" म्हटले. बाकीचे प्रश्नही सोपे नाहीतच, पण ते कोणत्या रीतीने सुटतील हे तरी आपल्याला कळते. या एकाचे तेही कळत नाही.

गंमत अशी की हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी लायब्निझने १७१४ साली एका गिरणीच्या दाखल्याने मांडून ठेवला होता. समजा, विचार करणारे, वेदना जाणणारे एखादे यंत्र आहे. ते एवढे मोठे करा की गिरणीत शिरावे तसे आपण त्याच्या आत शिरू शकू. आत काय दिसेल? एक भाग दुसऱ्याला ढकलतो आहे, एवढेच. ढकलाढकलीत "जाणणे" कोठेही सापडणार नाही. मी हे वाचले तेव्हा आमच्या गावची पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आली. पट्टा फिरतो, जाते फिरते, पीठ पडते. सगळे दिसते. फक्त भूक दिसत नाही.

१९९८ साली क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने याच चाल्मर्सशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत मेंदूतील जाणिवेची नेमकी खूण सापडेल. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये कॉखने हार मान्य केली आणि दारूच्या बाटल्यांची एक पेटी चाल्मर्सला दिली. अर्थात् पैज हरल्याने शास्त्र हरत नाही. पण पंचवीस वर्षांनीही दोघे एकाच दारात उभे होते, एवढे खरे.

येथेच ईश्वरवादी पुढे येतो आणि म्हणतो, दार मी उघडतो. जॉन लॉकने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात असा युक्तिवाद केला आहे : जड द्रव्य कितीही बारीक करा, कसेही मांडा, हलवा, त्यातून विचार निपजणार नाही. आणि विचार तर जगात आहे. तेव्हा अनादि काळापासून काही असेल तर ते विचार करणारेच असले पाहिजे, तोच ईश्वर. (त्याच ग्रंथात लॉक दुसरीकडे म्हणतो की ईश्वराने मनात आणले तर तो जड द्रव्यालाही विचारशक्ती देऊ शकेल. मोठी माणसेही दोन दगडांवर पाय ठेवतात, याने मला धीर आला.) रिचर्ड स्विनबर्न या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९७९च्या आपल्या पुस्तकात हाच धागा नव्याने विणला. पदार्थविज्ञान वस्तुमान, विद्युत्भार, गती यांच्या भाषेत बोलते. त्या भाषेत "दुखणे" हा शब्दच नाही. मग मेंदूत अमुक घडले की नेमके दुखते, तमुक घडले की निळे दिसते, ही जोडणी कोणी केली? नियमितपणा तर आहे, पण विज्ञानाच्या नियमांतून तो निघत नाही. मुळाशी एक जाणते मन मानले तर जगात जाणती मने असणे मुळीच आश्चर्याचे राहात नाही.

हा युक्तिवाद मी प्रथम वाचला तेव्हा मला अतिशय आवडला. आईला सांगण्यासारखे काहीतरी हाती लागले, असे वाटले. नंतर आपल्याकडची दर्शने वाचायला घेतली आणि पायाखालची फळी हलली. कारण "चैतन्य जडातून निघत नाही" असे म्हणणाऱ्यांनी ईश्वर मानलाच पाहिजे, हे आपल्या देशात कोणी गृहीतच धरले नव्हते.

चार्वाकापासून सुरुवात करू. त्याचे म्हणणे असे सांगतात की पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उत्पन्न होते. पान, सुपारी आणि चुना यांपैकी एकातही नसलेला लाल रंग तिन्ही एकत्र चघळल्यावर येतो, तसे. हा दाखला वाचताच मला आजीची चंची आठवली. एवढा घरगुती दृष्टान्त तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात भेटेल असे वाटले नव्हते. आमच्या वर्गातला एक मित्र या मताचा कट्टर पुरस्कर्ता आहे. "तुझ्या आजीचा लाल रंग थोडा फिका झाला, इतकेच," असे तो मला म्हणाला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण त्याला उत्तर देणे भाग होते.

उत्तर शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात सापडले. ते असे म्हणतात की देहाचे रूप वगैरे गुण मृत्यूनंतरही देहाबरोबर राहतात, चैतन्य राहात नाही. मग ते देहाचा गुण कसे? यावर माझा मित्र म्हणेल की विझलेल्या दिव्यात तेल-वात राहते आणि ज्योत राहात नाही, म्हणून ज्योत काही स्वर्गातून आली नव्हती. ते मला पटते. परंतु आचार्यांचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. रूप, रस हे जाणले जाणारे आहेत. चैतन्य जाणणारे आहे. अग्नी स्वतःला जाळीत नाही, आणि डोंबारी कितीही तरबेज असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढत नाही. पानाचा लाल रंग कोणालातरी दिसतो. ज्याला दिसतो त्याला पुन्हा "तूही एक रंगच" म्हणणे म्हणजे प्रश्न सोडविणे नव्हे, लपविणे होय.

येथवर शंकराचार्य आणि स्विनबर्न एकाच बाजूला दिसतात. पण आता सांख्यांकडे पाहा. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका चैतन्यस्वरूप पुरुष सिद्ध करते, तो जड प्रकृतीहून सर्वस्वी वेगळा आहे असे ठासून सांगते, एवढेच नव्हे तर असे पुरुष अनेक आहेत असेही म्हणते. आणि ईश्वर? त्याला तेथे जागाच नाही. योगदर्शनाने ईश्वर घेतला, पण तो एक विशेष पुरुष म्हणून, जगाचा कर्ता म्हणून नव्हे. जैन दर्शनात चेतना हे जीवाचे लक्षणच आहे, तरी जगाचा निर्माता कोणी नाही. उलट नैयायिक घ्या. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी कंबर कसली, पण त्यांची पहिली युक्ती जाणिवेची नाही, कार्याची आहे : घट आहे तर कुंभार असला पाहिजे. आणि याच न्यायमतात ज्ञान हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण आहे. मोक्षात तो उरतही नाही! म्हणजे चैतन्याला सर्वांत वरचे स्थान देणारे सांख्य निरीश्वर, आणि ईश्वरासाठी हिरिरीने भांडणारे नैयायिक चैतन्याला आगंतुक मानणारे. जाणीव आणि ईश्वर यांची गाठ पाश्चात्त्य ग्रंथांत जितकी पक्की दिसते तितकी ती पक्की नाही, हे मला येथे कळले.

सांख्यांचा एक दृष्टान्त सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यावर मी पुस्तकाबाहेरचेही थोडे बोलू शकते. जड प्रकृती कोणी जाणता चालक नसताना पुरुषासाठी कशी काम करते? तर वासराच्या पोषणासाठी अजाण दूध जसे वाहते तसे, असे ते म्हणतात. शंकराचार्यांनी यावर आक्षेप घेतला की दूध आपोआप वाहात नाही. गाय ही जाणती आहे, वासराच्या मायेने ती पान्हा सोडते. दोघांपैकी खरे कोण? आमच्या गोठ्यात एकदा गाईचे वासरू मेले. आजोबांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवले. गाईने ते चाटले आणि पान्हा सोडला. आज शास्त्र सांगते की वासराच्या ढुसण्याने किंवा नुसत्या चाहुलीने गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि त्याने दूध मोकळे होते. म्हणजे सांख्य बरोबर : दुधाला काही कळत नाही, पेंढ्यानेही काम भागते. पण ते कातडे चाटताना गाईच्या डोळ्यांत जे होते ते मी पाहिले आहे. त्या चाटण्यात तिला जे काही वाटले असेल, ते ऑक्सिटोसिनच्या वर्णनात येत नाही. तेव्हा आचार्यही बरोबर. दुधाचा हिशेब लागतो, मायेचा लागत नाही. मात्र मायेचा हिशेब लागत नाही म्हणून गोठ्यात तिसरा कोणी उभा आहे, हे कोणत्या न्यायाने म्हणावे?

ईश्वरवादाविरुद्धचे नेहमीचे आक्षेप मी येथे फार लांबवीत नाही. "जे आज कळत नाही तेथे देव बसवू नका, उद्या कळेल" हा त्यांतला सर्वांत प्रचलित. १८२८ साली वोलरने प्रयोगशाळेत युरिया तयार केला, आणि सजीवांतील पदार्थांना खास प्राणशक्ती लागते हे मत पुढे हळूहळू मागे पडले. जाणिवेचेही तसेच होईल, असे म्हणतात. मला हा दाखला लंगडा वाटतो. युरिया बाहेरून दिसणारी वस्तू आहे, जाणीव तशी नाही.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो आमच्या घरातच खाटेवर पडून होता. जाणीव मेंदूहून निराळी आहे म्हणावे, तर आजीच्या डोक्यातला एक डाग तिचे शब्द कसे घेऊन गेला? १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून भूल देणारा डॉक्टर रोज माणसाची जाणीव मालवतो आणि पुन्हा लावतो. ज्या ज्या जाणिवेशी आपला परिचय आहे ती ती देहाच्या आधाराने आहे, त्याच्याबरोबर थकणारी, झोपणारी, बिघडणारी आहे. आणि ईश्वराची जाणीव तर मेंदूशिवाय, देहाशिवाय, अनादि-अनंत! आपल्या जाणिवेवरून जर अनुमान करायचे, तर ते अशा जाणिवेकडे नेण्याऐवजी तिच्याविषयी शंकाच उत्पन्न करते. स्विनबर्नसाहेबांचा युक्तिवाद ज्या खुंटीला टांगला आहे ती खुंटीच येथे हलते. यावर वेदान्ती म्हणतील की मेंदू हा दिवा नव्हे, काच आहे. काच काजळली म्हणून प्रकाश विझत नाही. दृष्टान्त सुंदर आहे. परंतु काचेविना प्रकाश कोणी पाहिला, हे विचारल्यावर पुन्हा दृष्टान्तच मिळतो.

टॉमस नेगल हा तत्त्वज्ञ मला या सर्वांत जवळचा वाटला. वटवाघूळ असणे आतून कसे वाटत असेल, हे बाहेरच्या कोणत्याही माहितीने कळणार नाही, असे त्याने १९७४च्या निबंधात दाखविले. २०१२ साली तर जडवाद अपुरा आहे असे सांगणारे पुस्तकच त्याने लिहिले आणि आपल्या मित्रांचा रोष ओढवून घेतला. पण तो स्वतः निरीश्वरवादी आहे. जडवाद तुटला म्हणून त्याने देवळात धाव घेतली नाही. अर्ध्या वाटेवर तो उभा राहिला. अर्ध्या वाटेवर उभे राहण्यास फार बळ लागते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

माझे मत विचाराल तर मीही सध्या तेथेच आहे. जाणीव ही जगातली उरलीसुरली, झाडून टाकता येणारी गोष्ट नव्हे. ती नाही असे म्हणायलाही तीच लागते. परंतु तिच्यावरून एक, सर्वज्ञ, दयाळू जगन्नियंता सिद्ध होतो असे म्हणणे म्हणजे ओढा ओलांडला म्हणून भीमा ओलांडली असे म्हणणे आहे. मधे सांख्यांचे अनेक पुरुष आहेत, जैनांचे अनंत जीव आहेत, आणि पुण्याने-पापाने काही फरक न पडणारे एखादे विश्वचैतन्यही असू शकेल. यांतून विठ्ठलच कसा निघणार? तो कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे, तो काही अनुमानाच्या पायऱ्या चढून नव्हे. आजीने त्याला कधी सिद्ध केले नाही. ती त्याच्याशी भांडत असे, पाऊस लांबला की.

राहिला आईचा प्रश्न. दुसऱ्याच्या आत कोणी आहे हे आपल्याला कधीच आत जाऊन पाहता येत नाही. आईच्याही नाही, वर्गातल्या त्या मित्राच्याही नाही. आपण चेहऱ्यावरून, हातावरून, चुकीचा शब्द निघाला की बडवलेल्या खाटेवरून ओळखतो. या दिवाळीत मी आजीसाठी खलबत्त्यात पान कुटले आणि चुना जास्त पडला. आजीने तोंड वाकडे केले, माझ्याकडे पाहिले, आणि तिच्या डाव्या ओठात ते जुने हसू आले, मी लहानपणी भाकरी करपवली की येत असे ते. हरिपाठ चालीच्या जोरावर आला असेल. हे हसू पाठ केलेले नव्हते.

त्या रात्री मी आईला सांगितले, "आजी आहे आत. पुरी आहे. देवाचं मात्र मला अजून काही सांगता येत नाही."

आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "देवाचं तुला कुणी इचारलं हुतं?" आणि आजीला कुशीवर वळवायला मला हाताला धरून घेऊन गेली.